आक्कांची खोली

आमचं घर बघायला माणसं येतात. ओळखीची येतात, ओळखीच्यांच्या ओळखीची येतात, मागच्या हिवाळ्यात तर कॉलेजची मुलं वह्या घेऊन आली होती. मी सगळ्यांना हौसेनं घर फिरवून दाखवते. मधल्या खोलीच्या छतातली लांब फट दाखवते, तिच्यातून उतरणारं ऊन दिवसभरात काळ्या दगडाच्या भिंतीवरून कसं सरकत जातं ते सांगते. पूर्वेच्या कोपऱ्यातल्या मोकळ्या ओसरीपाशी आलो की म्हणते, "इथं काहीच नको असं आर्किटेक्टचं म्हणणं होतं. उजेडासाठी." आणि पुढे चालू लागते.

हे वाक्य खोटं आहे. घर झाल्यापासून मी ते बोलते आहे. खरं काय ते ह्यांना ठाऊक नाही, माझ्या लेकीला नाही, माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे – तुम्ही आमच्यातलं कुणी नाही, म्हणून कदाचित जीभ रेटते आहे.

थेट मुद्द्यावर यायला हवं, कळतं मला. पण आधी आक्का कोण ते सांगायला हवं.

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आम्ही सांगलीचे जैन, हळदीचा व्यापार. आक्कांचं लग्न विसाव्या वर्षी झालं आणि तेविसाव्या वर्षी त्या परत आल्या – कपाळ मोकळं, बरोबर एक लोखंडी ट्रंक. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या चाळिशीच्या आत होत्या. घर त्याच चालवायच्या. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. सकाळी साडेदहाला जायचे, सहाला यायचे. माझी स्नेहल त्यांनीच वाढवली. पाणी गाळणं, दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकणं, स्नेहलची वेणी, तिचा पाढा, तिचं पडसं – सगळं त्यांच्याकडे. शाळेतल्या मैत्रिणी म्हणायच्या, सुनंदा, नशीबवान आहेस. होतेच मी.

आणि तरी – कसं सांगू हे? तीस वर्षं मी माझ्याच स्वयंपाकघरात विचारत राहिले, आक्का, मीठ कुठं ठेवलंय? तीस वर्षं स्नेहल बाहेरून आली की आधी आत्याला हाक मारायची. एकदा तिला खूप ताप होता. मी रजा काढून तिच्या उशाशी बसले होते, कपाळावरची पट्टी बदलत होते, आणि ती ग्लानीत आत्या, आत्या करत होती. आक्का आल्या, तिच्या पायाशी बसल्या. मला म्हणाल्या, "तू जरा पड जा गं, दमलीस." त्यात काय वावगं होतं? काहीच नव्हतं. त्यांनी मला आयुष्यात एक वाकडा शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर भांडले असते, मोकळी झाले असते. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही. मनात काय साचलं होतं तेवढं सांगते.

मग सांगलीत तो मोठा पूर आला. आमचं घर नदीच्या अंगाला, तळमजल्यावर. खिडकीच्या वरपर्यंत पाणी. ओसरल्यावर आम्ही परत आलो तेव्हा भिंतींवर चिखलाची रेघ होती आणि गाद्या फुगून दारात अडकल्या होत्या. आक्का पदर खोचून दहा दिवस चिखल काढत होत्या. त्याच ह्यांना म्हणाल्या, "आता उंचावर बांधा बाबा. आमचं झालं, पर पोरीला माहेरी आल्यावर कोरड्यात झोपायला मिळू दे." म्हणजे घर बांधायचा विचारसुद्धा त्यांचाच.

धाकट्या दिरांनी पेढी सांभाळायची, जुनं घर दुरुस्त करून त्यांच्या कुटुंबानं तिथं राहायचं, आणि आम्ही साताऱ्याकडे जायचं असं ठरलं. स्नेहल पुण्यात, तिला जवळ. जागा मीच पसंत केली. पूर्वेला उतरत गेलेली जमीन, मधोमध एक जुनं जांभळाचं झाड, खाली सातारा शहर, सकाळी पहिलं ऊन सरळ अंगावर. माझं माहेर वडूजकडचं. तिथं नजरेला कुठं अडत नाही – माळ, आभाळ आणि ऊन. सांगलीच्या अंधाऱ्या माजघरात तीस वर्षं काढल्यावर मला तसं घर हवं होतं. थोडक्या वस्तू, मोकळ्या भिंती, सगळीकडे उजेड.

आर्किटेक्ट निखिल म्हणून एक तरुण होता, मूळ कराडचा. फार मन लावून काम करणारा. पहिल्या भेटीत त्यानं घराबद्दल एक शब्द काढला नाही. प्रत्येकाला विचारत बसला – किती वाजता उठता, चहा कुठं घेता, पेपर कुठल्या उजेडात वाचता. आक्कांना विचारायची वेळ आली तेव्हा त्या लाजल्या. म्हणाल्या, "माझं काय बाळा, पहाटं उठते, चटईवर बसून जप करते, झालं." त्यानं त्यांना चटईवर बसायला सांगितलं. खिशातून टेप काढली आणि जमिनीपासून त्यांच्या डोळ्यांपर्यंतचं अंतर मोजलं. म्हणाला, "तुमच्या खोलीची खिडकी मी खाली घेतो, आक्का. बसल्या जागी तुम्हाला उगवता सूर्य दिसला पाहिजे." आक्का हसत सुटल्या. पुढचे चार दिवस येईल त्याला सांगत होत्या – माझ्या बसण्याची मापं काढून नेली बघा त्या पोरानं, चोळी शिवतोय जणू. सत्तरीला आलेल्या बाईला कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं, तुला काय बघायला आवडेल.

नकाशा आला. एकमजली घर, मधल्या खोलीभोवती सगळं रचलेलं, जांभळाला धक्का न लावता. पूर्वेच्या कोपऱ्यात दहा बाय अकराची एक खोली. त्यावर त्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं – आक्का.

मी तो कागद पुष्कळ वेळ बघत बसले होते. घरात कुणी नव्हतं. सगळ्या नकाशात कुणाचं नाव लिहिलेली ती एकच खोली होती. आमच्या खोलीवर 'शयनगृह' लिहिलं होतं. आणि माझ्या मनात आलं – इथंही. इथंही पहाटे त्यांच्या भांड्यांचा आवाज, त्यांचा जप, इथंही मीठ कुठंय. स्नेहल पुण्याहून येईल ती सरळ त्या कोपऱ्यात जाईल.

दुसऱ्या दिवशी मी निखिलला फोन केला. सांगितलं की आक्का सांगली सोडायला तयार नाहीत. त्यांचं देऊळ तिथं, देवळातल्या मैत्रिणी तिथं. त्यांना तोंडावर नाही म्हणता येत नाही, तेव्हा हा विषय त्यांच्यापाशी किंवा ह्यांच्यापाशी काढू नका, त्यांना अवघड होईल. ती खोली काढून टाका.  तो म्हणाला, "नक्की ना, काकू?" मी म्हटलं, नक्की.

त्याच दिवशी, जेवताना, घरी मी सांगितलं की निखिलचा फोन होता. पूर्वेची खोली करता येत नाही म्हणतो. मधल्या खोलीचा सगळा उजेड त्या खोलीमुळं अडतो, घराचा जीवच जातो.

झालं. एवढंच केलं मी. सांगून टाकलं बघा – कितीसं होतं?

पण एवढ्यावर थांबले नाही, हेही सांगायला हवं. ह्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, असं कसं, आधी कळलं नाही त्याला? तेव्हा मी कागद घेतला आणि समजावून सांगितलं. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून उगवतो, त्याचा कोन इतका असतो, सावली इथवर येते. बत्तीस वर्षं वर्गात शिकवलेलं सगळं वापरलं. आणि त्यात थोडं खरं होतं – पौषात महिनाभर, सकाळचं तासभर ऊन त्या खोलीनं अडलं असतं. तेवढ्या खऱ्यावर माझं खोटं उभं राहिलं. हे चिडले, दुसरा आर्किटेक्ट बघू म्हणाले. त्यांना थांबवलं कुणी? आक्कांनी. ताटावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्यापायी घर बिघडवू नका. मी हितं धाकट्याकडं ऱ्हाते की. येत जाईन मधनंमधनं. म्हातारीला कशाला लागतीया येगळी खोली?" आणि मला म्हणाल्या, "तुला उजेडाची लय हौस हाय, मला ठावं हाय."

मी मान खाली घालून भात कालवत राहिले.

घर व्हायला पुढं पावणेदोन वर्षं लागली. ती सगळी दोन्हीकडची सारवासारव मीच करत होते. निखिल आला की आक्का देवळात असतील अशी वेळ द्यायची. हे त्याच्याशी तुटक बोलायचे. त्याला वाटायचं, काकांचा स्वभावच तसा. पाहुण्यांत हे म्हणायचे, ह्या लोकांना माणसापेक्षा भिंती प्यारी. मी ऐकून घ्यायचे. त्या मुलाची काय चूक होती? त्यानं तर खोली गेल्यावर तो कोपरा नुसता टाकून दिला नाही. तिथं छपराखाली मोकळी ओसरी ठेवली, कोट्याची फरशी घातली आणि बाहेरच्या दगडी भिंतीत ती खाली घेतलेली खिडकी तेवढी राहू दिली. मी म्हटलं, आता कशाला? तो म्हणाला, "असू द्या. माप चांगलं जमलंय तिचं." येणारी माणसं विचारतात, ही खिडकी इतकी खाली का? मी म्हणते, डिझाईन.

गृहप्रवेशाला सगळे आले. आक्काही दिरांच्या गाडीतून आल्या. घरभर हिंडल्या, भिंतींना हात लावून बघितला, जांभळाखाली उभ्या राहिल्या. पूजा आटोपली आणि पंगती बसायच्या होत्या तेवढ्यात मी त्यांना शोधत पूर्वेच्या ओसरीवर गेले. त्या खाली बसल्या होत्या. फरशीवर मांडी घालून, खिडकीसमोर. खिडकी बरोबर त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत होती. बाहेर सगळा उतार, खाली गाव, ऊन. मला बघून म्हणाल्या, "बरं केलंत गं. हितं भिंती घातल्या असत्या तर खरंच अंधार झाला असता की."

तेवढ्यात निखिल आला. त्याला ह्यांनी बोलावलं नव्हतं; मीच लोकलाजेस्तव आमंत्रण पाठवलं होतं. तो आक्कांना बघून खूश झाला, वाकून पाया पडला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "आक्का, तुमची खोली मी फार मनापासून आखली होती. तुम्हीच नको म्हणालात, नाही तर आज इथं तुमची चटई असती."

आक्कांनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

किती वेळ? दोन श्वास असतील. चिडल्या नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर मला आज एवढं आठवलं नसतं. एखादं हरवलेलं भांडं अगदी समोरच्या फळीवर सापडावं, तसा चेहरा झाला त्यांचा. म्हणजे हे इथं होतं होय. मग त्या त्याला म्हणाल्या, "व्हय बाळा. मीच नगं म्हणलं. सांगली सुटत न्हाई बघ मला."

आणि माझ्यापुढं हात केला. म्हणाल्या, "उठीव गं, गुडघं धरलं." मी त्यांना उठवलं. त्यांचा हात माझ्या हातात होता, तेव्हा मी बोलू शकले असते. निखिल पुढं गेला होता, ओसरीवर आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं – पंगत बसली आहे, चला.

त्यानंतर दीड वर्ष त्या सांगलीत होत्या. एकदाही परत आल्या नाहीत. हे दर महिन्याला बोलवायचे. गुडघ्यांचं निमित्त, चातुर्मासाचं निमित्त, काही ना काही. धाकटी जाऊ वाईट नाही, पण तिच्या घरात दोन सुना, नातवंडं. आक्कांची कॉट बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारी. त्यांना पहाटे दिवा लावता येत नसे, कारण तिथंच एक नातू अभ्यास करून झोपलेला असे. हे मला जावेनं सहज बोलता बोलता सांगितलं. मी ते ऐकलं तेव्हा मी कुठं होते? मधल्या खोलीत, भिंतीवर ऊन आलं होतं, फोन कानाला होता.

शेवटच्या दुखण्यात मी एसटीनं सांगलीला गेले. ठरवून गेले होते, आज बोलायचं. कराड मागं पडलं तरी वाक्य जुळवत होते. आक्का कॉटवर पडल्या होत्या, अगदी लहान दिसत होत्या. घरातली सगळी दुपारची पांगली होती. दोन तास आम्ही दोघीच होतो. मी मोसंबं सोललं, त्यांना एकेक फोड दिली. त्यांनी स्नेहलची चौकशी केली, तिच्या बाळाला दात आले का विचारलं. मग त्यांनी टीव्हीकडे बोट करून म्हटलं, "त्यो बंद कर जरा." मी बंद केला. अगदी शांत झालं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला आज वाटतं, त्यांनी मला जागा करून दिली होती. मी सालं गोळा केली, हात धुऊन आले आणि म्हणाले, साडेचारची गाडी आहे, निघते.

"सावकाश जा," म्हणाल्या.

अकराव्या दिवशी त्या गेल्या.

इथं संपलं असतं तरी मी तुम्हाला हे सांगत बसले नसते, कदाचित. कुढत राहिले असते एकटी. पण पुढचंही मीच केलं आहे.

दुखवटा संपल्यावर स्नेहल आमच्याकडे आठ दिवस राहिली. ती फार रडली होती. तिला निरोप वेळेवर पोचला नव्हता, तोंड बघायला मिळालं नव्हतं. एका सकाळी ती बाळाला घेऊन ओसरीवर बसली होती. मला म्हणाली, "आई, एक विचारू? निखिल मला पुण्यात भेटला होता. तो म्हणाला, त्यानं आत्यासाठी खोली आखली होती, आत्याच नको म्हणाली. तू तर सांगितलं होतंस, उजेडासाठी त्यानंच ती काढून टाकली. खरं काय आहे?"

तिनं सरळ विचारलं. माझ्याच लेकीनं, माझ्याकडे बघत. आक्का गेल्या होत्या. आता कुणाला त्रास होणार होता खरं सांगून? मलाच ना?

मी म्हणाले, "निखिल म्हणतो ते खरं. आत्यालाच यायचं नव्हतं. बाबांना वाईट वाटेल म्हणून आम्ही दोघींनी त्याच्यावर ढकललं. बाबांपाशी बोलू नकोस."

किती सहज जमलं मला ते. आक्कांनी माझ्यासाठी जे स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, तेच उचललं आणि वापरलं. त्या हयात नव्हत्या, खोडून काढणार नव्हत्या. आणि हयात असत्या तरी काढलं नसतं – हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

स्नेहलनं बाळाचं अंगडं सारखं केलं. बाळ तिच्या मांडीवर चुळबुळ करत होतं. मग हळूच म्हणाली, "मला वाटायचं, ती माझ्यासाठी तरी येईल. बाळाला अंगाखांद्यावर खेळवेल. दर वेळी फोनवर म्हणायची, तुझ्या आईनं घर लय सुरेख बांधलंय, तू जाऊन ऱ्हा. मी म्हणायचे, तू ये ना. तेव्हा नुसती हसायची." बाळाकडे बघत म्हणाली, "नको होतं तिला. मला कळायला हवं होतं."

मी काय केलं? बाळाला तिच्याकडून घेतलं आणि आत गेले.

तेव्हापासून स्नेहल आत्याचा विषय काढत नाही. पूर्वी बोलण्यात दर चार वाक्यांनी तिचं नाव यायचं – आत्या अशी करायची, आत्याच्या हातची अमुक भाजी. आता येत नाही. मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. तिच्या टेबलावर वर्षानुवर्षं असलेला, आत्याच्या मांडीवर बसलेला तिचा लहानपणीचा फोटो तिथं नव्हता. मी विचारलं नाही. तिची समजूत झाली आहे की जिनं तिला वाढवलं, तिला तिच्याजवळ राहायचं नव्हतं. ही समजूत मी करून दिली आहे, आणि आज सकाळी तिचा फोन आला होता तेव्हाही आम्ही दहा मिनिटं बोललो – पावसाबद्दल, बाळाच्या शाळेबद्दल.